दाव्याची गाठ बघून मारा

गेल्या पावसाळ्यात भातखाचरांची पाहणी करायला एका वाडीत गेलो होतो. बांधाखाली गाभण गाय मरून पडलेली. साप नाही, रोग नाही. चरता चरता पाय घसरला, दावे खुंट्याला ताणले आणि मानेतला फास आवळला. दोर नवाकोरा, प्लास्टिकचा. घरातली म्हातारी म्हणाली, "सायेब, सुंभाचं दावं असतं तर तुटलं असतं, गाय वाचली असती." यावर काय बोलणार?

हा विषय खरे तर पशुसंवर्धन खात्याचा. पण आम्ही रोज गोठ्यातूनच शेतावर जातो, म्हणून लिहितो.

पूर्वी दावी घरीच वळत. घाटावर अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात कुजवून वाख काढायचा आणि वळायचा. कोकणात नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने पुरून काथ्या झोडपायचे. काथ्याचा दोर तरंगतो, खाऱ्या पाण्यात टिकतो. अरबी समुद्रातली जुनी जहाजे तर खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधीत. आता घरी वळायला वेळ कुणाला? प्लास्टिकचा दोर स्वस्त, बळकट, कुजत नाही. तो वापरू नका असे मी म्हणणार नाही. मात्र बाजारात ज्याला सरसकट 'नायलॉन' म्हणतात तो बहुतेक वेळा नायलॉन नसतोच. तुकडा पाण्यात दाबून सोडा. खरे नायलॉन बुडते, हा वर येतो. उन्हाने हा दोर ठिसूळ होतो. हाताला भुकटी लागू लागली की विहिरीवर किंवा माडावर चढायला तो अजिबात घेऊ नका.

आता गाठीकडे वळू. आपण मानेत सर्रास सरकफास टाकतो. बंदरावरचे खलाशी मात्र न सरकणारा फास मारतात. एका तांडेलाने मला तो नौकेवरच शिकवला. दोराच्या लांब बाजूवर एक छोटा वळसा घ्या. टोकाकडची बाजू वर, लांब बाजू खाली. टोक जनावराच्या मानेभोवतून आणा, वळशातून खालून वर काढा, लांब बाजूच्या मागून फिरवा आणि त्याच वळशातून पुन्हा खाली घाला. मग घट्ट ओढा. कितीही ताण आला तरी फास लहान होत नाही, आणि ताण गेला की गाठ सहज सुटते. प्लास्टिकचा दोर गुळगुळीत, म्हणून टोक वीतभर मोकळे ठेवा. मानेत दोन-तीन बोटे सहज गेली पाहिजेत. वासराचे दावे दर महिन्याला तपासा. वासरू वाढते, फास वाढत नाही.

एवढ्याने भागत नाही. उतारावर लांब दाव्याने बांधलेले जनावर कड्याखाली लोंबले तर कुठलीच गाठ वाचवणार नाही. तिथे खुंटा कडेपासून दाव्याच्या लांबीपेक्षा जास्त आत ठोका.

खुंट्याकडे मात्र निरगाठ नको, सुरगाठच हवी. ताणलेल्या दाव्याची मानेतली गाठ सुटत नाही, तेव्हा सोडायचे ते खुंट्याकडूनच. गोठ्याला आग लागली तर प्लास्टिक वितळून गाठ चिकटते आणि कोयता शोधायला वेळ नसतो. आज रात्री दिवा न लावता प्रत्येक दावे एका ओढीत सुटते का, ते स्वतः करून बघा. घरातल्या पोरांनाही सोडायला लावा.