संकेतस्थळावरील शोध : मार्गदर्शन आणि प्रत्यक्ष व्यवहार

पालि तिपिटक आणि बाबासाहेबांचे वाङ्मय आता संगणकाच्या पडद्यावर वाचता येते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने तर छट्ठ संगायनाचे तिपिटक देवनागरीसह अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिले आहे. ग्रंथसंग्रहांच्या संकेतस्थळांवर शोधाविषयीच्या मार्गदर्शनात सामान्यतः असे सांगितलेले असते की, हवा तो शब्द लिहावा; तो जेथे जेथे आला असेल ती सर्व स्थळे दिसतील. ह्या आश्वासनावर विसंबून अभ्यासक शब्द लिहितो, ‘काही आढळले नाही’ असे उत्तर मिळते, आणि अमुक शब्द ग्रंथात नाहीच असे तो मांडून मोकळा होतो. हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो. त्याची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राला शब्द कळत नाही. ते केवळ अक्षरांचे संकेतांक ताडून पाहते. आपण मराठीत ‘संघ’ लिहितो. छट्ठ संगायनाच्या पाठात मात्र ‘सङ्घ’ असे रूप आहे. उच्चार एकच, परंतु संकेतांक भिन्न. ‘आंबेडकर’ आणि ‘अंबेडकर’ ह्या रूपांचीही तीच गत. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र तर दोन निरनिराळ्या पद्धतींनी नोंदविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही. काही संकेतस्थळे असे भेद आपणहून मिटवितात, काही मिटवीत नाहीत.

दुसरे कारण मराठीच्या घडणीत आहे. ‘पुणे’ असा शोध घेणाऱ्यास ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याच्या’ ही रूपे सापडतीलच असे नाही, कारण प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो. इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या मार्गदर्शनात ह्याचा विचार नसतो.

तिसरे कारण पुण्याशी निगडित आहे. १९८८ साली येथे स्थापन झालेली सी-डॅक आणि येथीलच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी ह्यांच्यामुळे संगणकावरील मराठी अक्षरजुळणी सुकर झाली. तथापि युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार इतर चिन्हांच्या संकेतांकांवर बसविलेले होते. अशी धारिका संकेतस्थळावर चढविली की वाचकास ‘विहार’ दिसते, परंतु यंत्रास तेथे भलतीच चिन्हे आढळतात. जी पाने केवळ छायाचित्ररूपाने ठेवली आहेत, त्यांत तर यंत्राच्या दृष्टीने अक्षरच नसते.

शिवाय यंत्रणा बदलते आणि मार्गदर्शन जुनेच राहते. शब्दामागे अधिक चिन्ह लावून तो शब्द अनिवार्य करण्याची सोय गूगलने २०११ साली काढून टाकली. त्यापूर्वीच्या पुस्तिका मात्र तीच युक्ती शिकवीत राहिल्या.

ह्यावर उपाय सोपा आहे. हाताशी असलेल्या छापील ग्रंथातील माहीत असलेले एक वाक्य निवडावे. त्यातील अनुस्वाराचा एक, जोडाक्षराचा एक आणि प्रत्यय लागलेला एक असे तीन शब्द शोधून पाहावेत. जे आहे हे आपल्याला ठाऊक आहे तेच सापडत नसेल, तर जे सापडले नाही ते नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्या शोधास नाही. नंतर शब्दाची पर्यायी रूपे लिहावीत, आणि शेवटी मूळ ग्रंथ उघडावा.

दीघनिकायाच्या महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी चार महापदेश सांगितले आहेत. बुद्धवचन म्हणून कोणी काही सांगितले तर ते लगेच स्वीकारू नये आणि धुडकावूही नये. सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावे, असा त्यांचा आशय आहे. मार्गदर्शनातील वाक्यालाही हीच कसोटी लावावी. ‘बाबासाहेबांनी असे कोठेही म्हटलेले नाही’ हे विधान वादात वारंवार ऐकू येते. ते करणाऱ्याने, आणि त्याचे खंडन करणाऱ्यानेही, आपण ग्रंथ पाहिला की केवळ शोधपेटी, हे प्रथम स्वतःस विचारावे.