बाबांची कन्सल्टन्सी: कंपनी, एलएलपी की आपले साधे नाव?

सुरतेतल्या आपल्या अनेक घरांत सध्या एक पिढी निवृत्त होते आहे. पांडेसरा-सचिनची प्रोसेस हाउस, हजिऱ्याचे कारखाने यांत तीस-पस्तीस वर्षे काढलेली ही माणसे. महिनाभर घरी बसत नाहीत तोच कुणा जुन्या शेठचा फोन येतो, ‘साहेब, जरा बॉयलर जोई आपशो?’ माझ्या बाबांचे तेच झाले. त्यांना ‘प्रायव्हेट लिमिटेड’ची पाटी हवी होती, आणि फॉर्म भरायला घरात मी होतोच.

प्रायव्हेट लिमिटेडला दोन भागधारक लागतात. एकट्यासाठी २०१३ च्या कायद्याने एकव्यक्ती कंपनी आली, पण तिलाही वारसदार नेमावा लागतो आणि एक रुपयाची उलाढाल नसली तरी ऑडिट चुकत नाही. एलएलपीत आई भागीदार होऊ शकते. ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि २५ लाखांच्या भांडवलापर्यंत ऑडिट नाही, मात्र दरवर्षी दोन विवरणे भरावीच लागतात आणि नफ्यावर सरळ ३० टक्के कर.

स्वतःच्या नावाने काम केले तर हिशेब फारच सोपा. आयकर कायद्याखाली अभियंता किंवा तांत्रिक सल्लागाराच्या जमेतला निम्मा भाग उत्पन्न धरता येतो. म्हणजे १२ लाख मिळाले तर कर ६ लाखांवर, तोही स्लॅबप्रमाणे. एलएलपीला ही सवलत नाही. वर्षाला २० लाखांपर्यंत सेवांवर जीएसटीची नोंदणीही लागत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: साठीनंतर व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर आगाऊ कर माफ असतो. कन्सल्टन्सी सुरू झाली की ती माफी जाते आणि १५ मार्चपर्यंत कर भरावा लागतो.

बाबांची खरी भीती वेगळी होती. सल्ला चुकला, बॉयलर फुटला, तर उधन्याचे घर आणि पीएफचे पैसे जातील का? स्वतःच्या नावाने काम करताना जबाबदारीला मर्यादा नसते, हे खरे. पण एलएलपीच्या २००८ च्या कायद्यातही भागीदार स्वतःच्या चुकीला स्वतः जबाबदार राहतो. कवच मिळते ते दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून. सगळे सल्ले एकटे बाबाच देणार, मग आईला भागीदार करून काय साधणार?

म्हणून आम्ही पाटीचा नाद सोडला. वेगळे बँक खाते, उद्यम नोंदणी (ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका), व्यावसायिक जबाबदारीचा विमा, आणि प्रत्येक कामाआधी लेखी करार. करारात एक वाक्य ठरलेले: भरपाई झालीच तर त्या कामाच्या फीपुरती. उद्या तरुण इंजिनिअर भागीदार मिळाला किंवा मोठ्या कारखान्याने कंपनीच मागितली, तर तेव्हा सीएकडे जाऊ.

एका मिलने ते वाक्य काढायला सांगितले. बाबांनी त्या बॉयलरला हात लावला नाही.