आधी वजन, मग अश्वशक्ती
लोडर असलेला छोटा ट्रॅक्टर कसा निवडावा आणि कसा वापरावा

वाचण्यापूर्वी : बागेतला सीसॉ आठवा. एका टोकाला जड माणूस बसला, तर दुसऱ्या टोकाच्या माणसाचं काय होतं? हे लक्षात ठेवून पाठ वाचा.

महाराष्ट्रात खोदकाम करणारं पिवळं यंत्र दिसलं की लोक म्हणतात, ‘जेसीबी आला!’ यंत्र दुसऱ्याच कंपनीचं असलं तरी नाव तेच. ही तीन अक्षरं मुळात एका इंग्रज माणसाच्या नावाची आहेत : जोसेफ सिरिल बॅमफर्ड. त्यांनी १९४५ मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या युटॉक्सिटर गावी, भाड्याच्या छोट्याशा गॅरेजमध्ये ट्रेलर बनवायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत त्यांनी शेतातल्या ट्रॅक्टरला पुढून बसवता येईल असा हायड्रॉलिक लोडर तयार केला. आज त्याच कंपनीचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला आहे.

लोडर म्हणजे काय, तर ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेले दोन मजबूत दांडे आणि त्यांच्या टोकाला बकेट. तेलाच्या दाबाने दांडे वर-खाली होतात आणि बकेट उलटी-सुलटी होते. माती, शेणखत, खडी, लाकडाचा भुसा, सगळं उचलता येतं. फावडं आणि घमेलं घेऊन जे काम करायला दोन माणसांना अख्खा दिवस लागेल, ते लोडर तासाभरात उरकतो.

समजा, तुमच्या आईबाबांनी श्रॉपशायरमध्ये तीन एकर जागा घेतली. म्हणजे आपल्या हिशेबाने १२० गुंठे. थोडी फळझाडं, भाजीचे वाफे, कोंबड्या आणि बाकी गवत. आता ट्रॅक्टर घ्यायचा आहे. नाशिकला द्राक्षबाग असलेल्या काकांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘किती एचपीचा घेताय?’

काकांचं बरोबरच आहे. त्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर रोटावेटर फिरवतो, फवारणीचं यंत्र चालवतो. त्या कामाला इंजिनाची ताकद लागते. पण श्रॉपशायरच्या तुमच्या जागेत बरंचसं काम उचलायचं आणि वाहून न्यायचं आहे. इथे पहिला प्रश्न वेगळा हवा : ‘ट्रॅक्टरचं वजन किती, आणि तो किती वजन पेलेल?’

ट्रॅक्टर म्हणजे चाकांवरचा सीसॉ

लोडर असलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाकं म्हणजे सीसॉचा मधला टेकू. बकेटमधलं ओझं टेकूच्या पुढे असतं आणि ट्रॅक्टरचं बहुतेक वजन टेकूच्या मागे. ओझं वाढलं की मागची बाजू हलकी होत जाते. फारच वाढलं तर मागची चाकं जमिनीवरून उचलली जातात.

ओझं किती होईल याचा अंदाज मात्र सहज चुकतो. छोट्या ट्रॅक्टरची बकेट साधारण ०.२ घनमीटरची धरू. ती कोरड्या लाकडी भुशाने भरली तर जेमतेम ६० किलो. तीच बकेट ओल्या मातीने भरली तर साडेतीनशे किलो! बकेट तेवढीच, वजन जवळजवळ सहापट.

आता एक सोपं गणित करू. समजा, लोडर धरून ट्रॅक्टरचं वजन ९०० किलो आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये दीड मीटर अंतर आहे. बकेटमधली ३५० किलो माती पुढच्या चाकांच्या १.२ मीटर पुढे आहे.

• बकेट रिकामी : पुढच्या चाकांवर ३६० किलो, मागच्या चाकांवर ५४० किलो.
• बकेट भरलेली : पुढे ९९० किलो, मागे फक्त २६० किलो.
• बकेट भरलेली, आणि मागे २५० किलोचं वजन लटकवलेलं : पुढे साधारण ८६० किलो, मागे साधारण ६४० किलो.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. ट्रॅक्टरवर आणखी २५० किलो चढवले, तरी पुढच्या चाकांवरचा भार कमी झाला! कारण ते वजन सीसॉच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून लोडर वापरताना मागे वजन लावायलाच हवं. काही जण काँक्रीट भरलेली पेटी लावतात, काही जण एखादं जड अवजार.

मागची चाकं हलकी झाली तर बिघडतं कुठे? बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ती चाकं नीट टेकलेलीच नसतील, तर उतारावर ब्रेक दाबून उपयोग काय? अशा वेळी चारही चाकं जोडलेली असली, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह लावलेला असला, तर पुढच्या चाकांचीही मदत मिळते. म्हणून भरलेली बकेट घेऊन उतरताना तो चालू ठेवतात.

दुसरी गोष्ट उंचीची. ओझं वर उचलून चाललात की सगळा तोल वर जातो. मग एक चाक खड्ड्यात गेलं तरी ट्रॅक्टर कुशीवर उलटू शकतो. म्हणून चालताना बकेट जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची. वर न्यायची ती रिकामी करण्यापुरती, तीही सपाट जागी उभं राहून.

मागचे तीन दांडे

मागे वजन लटकवायचं कुठे? बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागे तीन जोड असतात : खाली दोन दांडे, वर एक. त्याला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. ही रचना आज जगभर दिसते, तिचं श्रेय हॅरी फर्ग्युसन यांना जातं. त्यांचा जन्म १८८४ मध्ये आयर्लंडमधल्या काउंटी डाउनला झाला.

त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जाई आणि कधीकधी ट्रॅक्टर मागे उलटून चालवणाऱ्यावर पडे. फर्ग्युसन यांनी नांगर आणि ट्रॅक्टर तीन दांड्यांनी एकजीव केले. आता नांगर अडला तर वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे तोंड खालीच राहतं. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढते. त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करू लागला.

त्यांचा छोटा करडा ट्रॅक्टर, टीई-२०, कव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात बनला. पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तिथून बाहेर पडले. एडमंड हिलरी आणि त्यांचे सहकारी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून! या ट्रॅक्टरचं इंजिन आजच्या छोट्या ट्रॅक्टरांएवढंच होतं.

निवडताना काय विचारायचं?

१. किती उचलतो? माहितीपत्रकातला आकडा नीट वाचा. तो आकडा बऱ्याचदा बकेट जिथे दांड्याला जोडली जाते, त्या पिनेपाशी मोजलेला असतो. पण माती असते त्याच्या पुढे. त्यामुळे खरं उचलता येणारं वजन त्याहून कमी भरतं. ‘पिनेच्या अर्धा मीटर पुढे किती उचलतो?’ असं सरळ विचारा. बकेटऐवजी काटे लावून पॅलेट उचलणार असाल तर हे विचारायलाच हवं, कारण काट्यांवरचं ओझं आणखी पुढे जातं.

२. गिअर की हायड्रोस्टॅटिक? लोडरच्या कामात सारखं पुढे-मागे करावं लागतं. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये दर वेळी क्लच दाबा, गिअर बदला. हायड्रोस्टॅटिकमध्ये पायाने पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. नवशिक्याला ते सोपं जातं. मात्र त्याची किंमत जास्त असते. नांगरटच जास्त असेल तर गिअर चांगला.

३. टायर कोणते? खोल दातांचे टायर चिखलात पकड घेतात, पण हिरवळ उकरून काढतात. रुंद, उथळ नक्षीचे टायर हिरवळ राखतात, पण चिखलात घसरतात. ब्रिटनमधला हिवाळा आणि ओली जमीन लक्षात घेऊन ठरवा.

४. इंजिन केवढं? हो, अश्वशक्तीचा प्रश्न आता आला! या वर्गातले ट्रॅक्टर साधारण २० ते ५० अश्वशक्तीचे असतात. प्रदूषणाचे नियम १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण २५ अश्वशक्तीच्या वर जास्त कडक आहेत. त्यामुळे मोठ्या नव्या इंजिनांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजिन नुसतं पाच-दहा मिनिटं चालवून बंद करत राहिलं, तर हा फिल्टर तुंबू शकतो. गरज नसताना मोठं इंजिन घेऊ नये, याचं हेही एक कारण.

५. जुना घ्यायचा का? जपानमध्ये भातशेतीत वापरलेले छोटे ट्रॅक्टर ब्रिटनमध्ये विकायला येतात. ते स्वस्त असतात. पण भातखाचरासाठी मुद्दाम हलके बनवलेले असतात, आणि हलका ट्रॅक्टर लोडरला किती साथ देईल ते तुम्ही वर वाचलंच. काही जुन्या ट्रॅक्टरांना चालकाच्या मागची लोखंडी कमान, म्हणजे रोलबार, नसते. ती नसेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. सुटे भाग जवळ मिळतात का, तेही विचारा.

घरी आणल्यावर

रोलबार उभा असेल तर सीटबेल्ट लावायचाच. ट्रॅक्टर उलटला तरी बेल्टमुळे माणूस कमानीच्या आत सुरक्षित राहतो. झाडाखालून जाण्यासाठी कमान दुमडली असेल, तेव्हा मात्र बेल्ट लावायचा नाही. कारण तेव्हा संरक्षणच नसतं, आणि बेल्टने माणूस ट्रॅक्टरला बांधला जातो. झाड मागे पडलं की कमान लगेच उभी करा.

मागच्या बाजूला अवजारं फिरवणारा दांडा असतो, त्याला पीटीओ म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ! गावाकडे मळणी यंत्रात ओढणी किंवा पदर अडकून अपघात होतात, ते अशाच फिरत्या भागांमुळे. पीटीओवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं असेल तर बदलल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

उतरण्याआधी चार गोष्टी : हँडब्रेक लावा, सगळं न्यूट्रलला आणा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. बकेटही जमिनीवर टेकवा. उचललेल्या बकेटखाली कुणी उभं राहायचं नाही, ‘एकच मिनिट’ म्हणूनसुद्धा नाही. आणि हायड्रॉलिक पाइपातून तेल गळतंय असं वाटलं, तर हाताने चाचपू नका. बारीक भोकातून सुटणारं तेल कातडीत सुईसारखं घुसतं. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

ट्रॅक्टरला मैल मोजत नाहीत, तास मोजतात. नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस बहुधा ५० तासांनी येते. लोडरच्या पिनांना मात्र वरचेवर ग्रीस लागतं. दोन मिनिटांचं काम, पण ते टाळलं की पिना झिजतात आणि बकेट खडखडू लागते.

कायदाही माहीत हवा. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांप्रमाणे शेतीकामात १३ वर्षांखालच्या मुलांना ट्रॅक्टर चालवू देता येत नाही, आणि त्यावर बसवूनही नेता येत नाही. ‘मांडीवर घेऊन एक चक्कर’ही नाही. रस्त्यावर न्यायचा तर नोंदणी, विमा आणि परवाना हवा. मोटारीचा पूर्ण परवाना ट्रॅक्टरलाही चालतो. स्वस्त लाल डिझेलचे नियम १ एप्रिल २०२२ पासून कडक झाले. शेती, फलोत्पादन आणि वनीकरणाला ते चालतं, घरच्या बागकामाला नाही. ट्रॅक्टर चोरीला जाऊ नये म्हणून बरेच मालक त्यावर ‘सीझर’ योजनेची त्रिकोणी पाटी लावतात. तिच्यावरच्या क्रमांकावरून पोलिसांना मालक शोधता येतो.

आता काकांना उत्तर देता येईल : ‘काका, एचपी पंचवीस. पण आधी ऐका, वजन किती आहे, आणि मागे काय लटकवणार आहोत ते!’

नवे शब्द
अश्वशक्ती – इंजिनाची ताकद मोजायचं माप, एचपी
टेकू – आधार
पेलणे – ओझं सांभाळू शकणे
घमेलं – माती वाहायचं उथळ, पसरट भांडं
वीत – पसरलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर
भातखाचर – पाणी साठवलेलं भाताचं शेत
वरचेवर – पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या वेळाने

विचार करा आणि लिहा
१. मागे वजन लावल्यावर पुढच्या चाकांवरचा भार कमी का होतो? सीसॉचं चित्र काढून समजावा.
२. ०.२ घनमीटरची बकेट ओल्या मातीने अर्धीच भरली, तर ओझं साधारण किती किलो होईल?
३. कमान दुमडलेली असताना सीटबेल्ट का लावत नाहीत?
४. तुमच्या धाकट्या भावंडाला ट्रॅक्टरवर बसायचा हट्ट आहे. त्याला का नाही म्हणायचं, ते पाच वाक्यांत सांगा.