चावी देणाराही गुन्हेगार
रस्ता, नियम आणि आपण : भाग ९

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, ‘क्लासला जायला स्कूटर द्या.’ कॉलेज गावाच्या एका टोकाला, क्लास दुसऱ्या टोकाला, बसचा भरवसा नाही आणि आईवडिलांना सोडायला सवड नाही. अडचण खरीच आहे. म्हणून पालकांच्या मनात नेहमी येणारे प्रश्न या भागात घेऊ.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळते ना?
मिळते, पण कोणत्या गाडीचे ते पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार गाडी चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. सवलत फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला. ती १६ पूर्ण झाल्यावर, पालकांच्या लेखी संमतीने लायसन्स काढून चालवता येते. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत. आरसी बुकावर ‘क्यूबिक कपॅसिटी’समोरचा आकडा एकदा वाचा. तो ५० च्या वर असेल, तर सोळाव्या वर्षी काढलेले लायसन्स त्या गाडीला चालत नाही.

पकडले तर दंड भरून सुटका होते का?
नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९-अ लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी आजोबांच्या किंवा काकांच्या नावावर असेल, तर मालक म्हणून तेही अडचणीत येतात.

‘आम्हाला न विचारता नेली’ असे सांगितले तर?
गाडी तुमच्या संमतीनेच नेली, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. दाराजवळच्या खिळ्याला चावी कायम लटकत असेल, तर ते सोपे जाणार नाही.

विमा आहे, मग काळजी कसली?
चालकाकडे वैध लायसन्स नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. अपघातात जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या व्यक्तीची भरपाई न्यायाधिकरण अनेकदा आधी कंपनीला द्यायला लावते, पण तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. ही रक्कम लाखांत जाऊ शकते. घर, शेत विकायची वेळ येऊ शकते.

इलेक्ट्रिक स्कूटर चालेल का?
मोटरची शक्ती २५० वॉटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर त्या गाडीला लायसन्स लागत नाही. मात्र खरेदीनंतर वेगमर्यादा काढून घेतली, तर ही सूट संपते. हेल्मेट मात्र कोणत्याही दुचाकीवर हवेच.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण राज्यभर गाजले. पण क्लास सुटताना एका स्कूटरवर तिघे, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, हे दृश्य आपल्या गल्लीत रोजचेच आहे आणि त्याकडे आपण कौतुकाने पाहतो. हँडल सांभाळता येणे वेगळे आणि समोरचा रिक्षावाला अचानक वळेल हे ओळखणे वेगळे. ही समज वयाने आणि सरावानेच येते.

दोन वर्षे सायकल, एसटीचा पास किंवा शेजारच्या चार पालकांनी मिळून ठरवलेली रिक्षा, यांवर भागवा. अठरा पूर्ण झाले की मुलाला सोबत घेऊन आरटीओत जा आणि रीतसर लायसन्स काढा. तोवर चावी कपाटात ठेवा आणि ‘नाही’ म्हणा.