जबड्याची साक्ष

मनुष्य मनुष्यास ओळखतो तो चेहऱ्यावरून, आवाजावरून, फार झालें तर चालण्यावरून. परंतु आगीनें, पाण्यानें किंवा काळानें चेहराच नाहींसा केला, म्हणजे आप्तस्वकीयांची दृष्टि निरुपयोगी ठरते. अशा वेळीं देहाचा जो भाग सर्वांत शेवटीं नष्ट होतो, तोच कामीं येतो. दांतांवरचें कवच हा मानवी शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. आणि खालचा जबडा हें चेहऱ्याच्या हाडांपैकीं सर्वांत मोठें व बळकट हाड होय. या दोहोंच्या साक्षीनें मृताची ओळख कशी पटवितात, आणि त्या साक्षीवर कितपत भिस्त ठेवावी, याची थोडी माहिती वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. जॉर्ज पार्कमन नांवाचे एक धनाढ्य गृहस्थ राहत असत. १८४९ सालच्या नोव्हेंबरच्या २३ तारखेस ते घरांतून बाहेर पडले, ते परत आलेच नाहींत. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणारे प्रोफेसर जॉन वेब्स्टर हे त्यांचे ऋणको होते, आणि त्याच विद्यालयाकडे जातांना पार्कमन यांना लोकांनीं शेवटचें पाहिलें होतें. तेथील रखवालदारास संशय आला. त्यानें प्रोफेसरांच्या जागेखालील भिंत फोडली, तेव्हां आंत मानवी देहाचे कांहीं अवयव सांपडले. पुढें प्रयोगशाळेच्या भट्टींतील राखेंत हाडांचे तुकडे आणि कृत्रिम दांत मिळाले. शिर मात्र कोठेंच नव्हतें. मग हा देह पार्कमन यांचाच, हें सिद्ध कसें करावें?

तें काम डॉ. नेथन कीप या दंतवैद्यांनीं केलें. १८४६ सालीं पार्कमन यांची कवळी त्यांनींच बनविली होती. पार्कमन यांचा खालचा जबडा विलक्षण पुढें आलेला असल्यामुळें त्या कवळीचा घाट इतरांच्या कवळीहून निराळा होता. शिवाय जिभेला जागा व्हावी म्हणून तिची आंतली बाजू कीप यांनीं स्वतःच्या हातानें घासून कमी केली होती. भट्टींतून निघालेले तुकडे पाहतांच त्यांनीं आपलें काम ओळखलें. परंतु केवळ स्मरणावर ते विसंबले नाहींत. कवळी करितांना घेतलेले जबड्याचे ठसे त्यांनीं टाकून दिले नव्हते. ते ठसे न्यायालयांत आणून त्यांच्याशीं हे तुकडे जुळतात असें त्यांनीं दाखवून दिलें. बचावपक्षानेंही एक दंतवैद्य साक्षीस आणले होते, आणि ते कोणी सामान्य गृहस्थ नव्हते. ईथरच्या गुंगींत शस्त्रक्रिया करतां येते हें जगास दाखविणारे मॉर्टन ते हेच. या तुकड्यांत विशेष असें कांहीं नाहीं, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. तथापि ज्यूरीस कीप यांचें म्हणणें पटलें. वेब्स्टर यांस १८५० च्या ऑगस्ट महिन्यांत फांशी झाली. तत्पूर्वीं पार्कमन आपल्या हातून मारले गेले, अशी कबुली त्यांनीं दिली होती.

या शास्त्राचें सारें मर्म या एका खटल्यांत सांठविलेलें आहे. नुसता सांपडलेला जबडा मुका असतो. जिवंतपणीं घेतलेला ठसा त्याच्या शेजारीं ठेवला, म्हणजे तो बोलूं लागतो.

तेव्हां जें काम प्लॅस्टरच्या ठशांनीं केलें, तेंच आतां क्ष-किरणांनीं घेतलेलीं चित्रें करितात. राँटगेन यांनीं हे किरण १८९५ च्या नोव्हेंबरांत शोधिले, आणि लगेच १८९६ च्या जानेवारींत जर्मनींतील ऑटो वाल्कहोफ या दंतवैद्यांनीं स्वतःच्या दांतांचें चित्र घेतलें. त्यासाठीं त्यांस २५ मिनिटें स्तब्ध राहावें लागलें! पुढें फिनलंडांतील पाटेरो यांच्या परिश्रमांतून दोन्ही जबडे एकाच फिल्मवर उमटविण्याची पद्धति विकास पावली. दांताच्या दवाखान्यांत ज्यास ‘ओपीजी’ म्हणतात, तें हेंच चित्र. यंत्र डोक्याभोंवतीं फिरतें आणि कांहीं सेकंदांत काम होतें.

या चित्राला दोन निरनिराळे प्रश्न विचारतां येतात, आणि त्यांची गल्लत होऊं देतां कामा नये. पहिला प्रश्न असा, कीं हा मनुष्य कोणत्या प्रकारचा होता? लहान मुलाच्या जबड्याचा मागचा कोन पसरट असतो. प्रौढपणीं तो ११० ते १२० अंशांपर्यंत येतो. दांत पडून हाड झिजलें, म्हणजे म्हातारपणीं पुन्हां १४० अंशांच्या आसपास जातो. हनुवटीजवळ नस बाहेर पडण्याचें जें छिद्र असतें, तें मुलांत खालच्या कडेजवळ, प्रौढांत मध्यभागीं आणि दंतहीन वृद्धांत वरच्या कडेशीं दिसतें. पुरुषाची हनुवटी बहुधा चौकोनी, स्त्रीची निमुळती व गोलसर असते. परंतु ‘बहुधा’ या शब्दाचा विसर पडतां कामा नये. १९९६ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील दोघां संशोधकांनीं जबड्याच्या उभ्या भागाच्या एका बांकावरून स्त्री-पुरुषभेद शेंकडा नव्वदांहून अधिक वेळां ओळखतां येतो, असें प्रसिद्ध केलें. इतरांनीं पडताळा घेतला, तेव्हां मात्र तेवढें यश आलें नाहीं. एका देशांतील मुलांवरून बसविलेलें वयाचें कोष्टकही दुसऱ्या देशांतील मुलांस जसेंच्या तसें लागू पडत नाहीं.

दुसरा प्रश्न असा, कीं हा मनुष्य *कोण* होता? येथें घाटाचा सामान्य नियम उपयोगी नाहीं. व्यक्तीचे बारकावे पाहिजेत. दाढेच्या मुळांचा वांकडेपणा, हाडांतील जाळीची वीण, नसेच्या नळीची वळणें, वरच्या जबड्यांतील पोकळीची कड, पडलेल्या दांताची जागा, भरलेल्या दाढेंतील धातूचा आकार, असे अनेक बारकावे पूर्वींच्या चित्राशीं जुळले, आणि न उलगडणारा फरक एकही राहिला नाहीं, तरच तज्ज्ञ निश्चित मत देतो.

याचें सर्वश्रुत उदाहरण हिटलरचें आहे. १९४५ च्या मे महिन्यांत रशियन सैन्यास बर्लिन येथें मिळालेला जबडा व दांतांवरील काम हिटलरचेंच, असें त्याच्या दंतवैद्याच्या सहायिकेनें व दांत बनविणाऱ्या कारागिरानें सांगितलें. पण ती साक्ष स्मरणाची होती, आणि लोकांच्या शंका पुष्कळ वर्षें मिटल्या नाहींत. हिटलरच्या डोक्याचीं १९४४ सालीं घेतलेलीं क्ष-किरणचित्रें अमेरिकेंतील दप्तरांत होतीं. सोग्नेस व स्ट्रॉम या दोघां दंतशास्त्रज्ञांनीं तीं रशियांत प्रसिद्ध झालेल्या माहितीशीं ताडून पाहिलीं व १९७३ सालीं ओळख पटल्याचें जाहीर केलें. पुढें फ्रेंच तज्ज्ञांनीं मॉस्कोंत प्रत्यक्ष दांत पाहून २०१८ सालीं तोच निर्णय दिला.

असल्या गोष्टींशीं आपल्या घराचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. पण घरचें माणूस अपघातांत गेलें कीं कोठें जिवंत आहे, हें न कळण्याइतकी दुःसह अवस्था दुसरी नाहीं. और्ध्वदेहिक कोणाचें करावयाचें? विम्याचा आणि वारशाचा कागद कशाच्या आधारें पुढें सरकावयाचा? बेपत्ता मनुष्य मृत मानण्यास कायद्यानें सात वर्षें थांबावें लागतें. तोंवर घराचा श्वास अडकून राहतो. आणि ज्याच्या दांतांचें चित्र कधीं घेतलेंच नाहीं, त्याच्या जबड्यास विचारून उपयोग काय?

म्हणून एवढेंच सुचवावेंसें वाटतें. उपचारासाठीं काढलेली दांतांची फिल्म दाढ बरी होतांच रद्दींत टाकूं नये. तिच्यावर नांव व तारीख आहे ना तें पाहावें, आणि घरांतील महत्त्वाच्या कागदांबरोबर ती ठेवून द्यावी. दांत स्पष्ट दिसतील असें हंसरें छायाचित्रही प्रसंगीं उपयोगी पडतें. उगाच या कामासाठीं चित्रें काढीत बसूं नये. जीं आहेत तींच जपावीं. कीप यांनीं ते ठसे अडगळ म्हणून फेंकून दिले असते, तर भट्टींतील ते तुकडे राखेबरोबर राखच ठरले असते.