नाक्यावरची एक पाळी

सकाळी 6.00
त्र्यंबकेश्वरकडून मोखाड्यात उतरणाऱ्या रस्त्यावर आमचा तंबू आहे. नोव्हेंबर 2024, दिवाळी नुकतीच सरलेली, 20 तारखेला विधानसभेचं मतदान. रात्रपाळीकडून नोंदवही ताब्यात घेतली, व्हिडिओग्राफरने कॅमेरा सुरू केला. स्थिर सर्वेक्षण पथकाचा प्रमुख म्हणून मी कार्यकारी दंडाधिकारी, हाताशी पोलीस. काय शोधायचं ते ठरलेलं आहे: 50 हजारांवरची रोकड, दारू, हत्यारं, अमली पदार्थ, मतदारांना वाटायच्या वस्तू. मला दिलेला अधिकार एवढ्याचसाठी आहे.

सकाळी 7.30
पहिली एसटी थांबली. बाईमाणसाची पर्स महिला अधिकाऱ्याशिवाय उघडायची नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. बाकीचे निमूटपणे पिशव्या पुढे करतात. ही पिशवी निवडणुकीसाठी उघडलेली असते. तेवढ्यावरून माणसाचा सगळा संसार उपसायचा हक्क मला मिळत नाही. अमेरिकेत 2009 साली सेंट लुईस विमानतळावर जवळ 4,700 डॉलर रोख सापडले म्हणून एका प्रवाशाला अडकवून ठेवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने तपासनिसांना बजावलं की, विमानसुरक्षेशी संबंध नसलेले गुन्हे हुडकायला झडती घ्यायची नाही. हे बंधन मला मनापासून पटतं.

सकाळी 9.00
नाशिकला माल भरायला निघालेला किराणा दुकानदार. जवळ साठ हजारांच्या आसपास रोकड, पण सोबत बँकेची पावती. सोडला. त्याच्या खिशात गुटख्याच्या दोन पुड्या होत्या. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. राज्यात 2012 पासून गुटख्याचं उत्पादन, साठा, वाहतूक आणि विक्री बंद आहे. खिशातल्या दोन पुड्या म्हणजे धंदा नव्हे. पोतं असतं तर अन्न व औषध प्रशासनाला तिथूनच फोन लावला असता.

सकाळी 10.30
पिकअपमध्ये कांद्याच्या गोणी. दारूचे खोके असतील म्हणून वरच्या गोणी हलवल्या, तर खाली खैराचे सोललेले ओंडके. लालसर गाभा अजून ओला, एकाही ओंडक्यावर वन खात्याच्या हातोड्याचा ठसा नाही, चालकाकडे वाहतूक पास नाही. खैर माझ्या यादीत नाही. पण डोळ्यांसमोर आलेली चोरी न दिसल्यासारखी करणं मला जमणार नाही. कॅमेऱ्यासमोर नोंद घेतली, पोलिसांनी गाडी बाजूला लावली, वनपाल आले, पंचनामा त्यांनी केला. मुंबईच्या विमानतळावरही बॅग तपासणारे सीआयएसएफचे जवान सोनं सापडलं तर ते कस्टम्सच्या हवाली करतात. खटला ज्याचा, त्याच्या हाती सोपवायचा.

दुपारी 12.00
टेम्पो. पातेली, गोधड्या, खुराड्यात कोंबड्या आणि वर कातकरी कुटुंबं, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघालेली. एका पोराच्या अंगात शाळेचा गणवेशच. मुकादमाजवळची रोकड मर्यादेच्या आत. नियमाने गाडी सोडायची.
“उचल किती घेतलीस, दादा?” मी एकाला विचारलं. त्याने मुकादमाकडे पाहिलं.
“माझ्याच गावची माणसं आहेत साहेब,” उत्तर मुकादमाने दिलं.
याच तालुक्यातल्या आसे गावात 2021 मध्ये एका कातकरी बापाने जीव दिला. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याची तक्रार झाली, वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला. तो नोंदला गेला मरणानंतर. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 पासून आहे. जिवंतपणी नोंद घ्यायला कुणी अडवलं नव्हतं.
उचल घेणं हा गुन्हा नाही आणि संशयावरून मी कुणाची मजुरी बुडवणार नाही. मुकादमाला बाजूला बसवून माणसांशी बोललो. भट्टीचं ठिकाण, उचलीची रक्कम, मुलांच्या शाळा लिहून घेतल्या, तहसील कार्यालयाला कळवलं, हेल्पलाइनचा नंबर कागदावर लिहून त्यांच्या हाती दिला. टेम्पो गेला.

दुपारी 2.00
पाळी संपली. दैनिक अहवालात रोकड, दारू, भेटवस्तू, सगळ्यांना रकाने आहेत. खैर आणि टेम्पोतली माणसं मी शेऱ्यात लिहिली.
माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्यासाठी नेमलं त्यापलीकडचं हुडकत फिरू नये, पण समोर आलेलं दडपूही नये. खिशातल्या पुडीवरून गरिबाला छळू नये. जंगल आणि माणूस लुटला जात असेल तर त्याच क्षणी ज्याचं काम त्याला लेखी कळवावं. हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर सोडणं धोक्याचं आहे, कारण मर्जीत चिरीमिरीला वाव असतो. म्हणून निवडणूक यंत्रणेला विनंती आहे: अहवालात ‘इतर विभागांना कळवलेली प्रकरणे’ असा एक रकाना वाढवा, आणि पुढे काय झालं ते त्या विभागाला लेखी विचारा.