ॲनाबॉलिक स्टेरॉइडचे शारीरिक दुष्परिणाम

ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक व त्याच्याशी रासायनिक साधर्म्य असणारी कृत्रिम संयुगे होत. टेस्टोस्टेरॉनची कमतरता, वयात येण्यास होणारा विलंब अशा विकारांत ती वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. दमा किंवा संधिवातावर दिली जाणारी कॉर्टिकोस्टेरॉइड ही यांहून वेगळी औषधे आहेत. स्नायू वाढवण्यासाठी ॲनाबॉलिक स्टेरॉइड उपचाराच्या मात्रेहून अनेक पटींनी घेतली जातात, तेव्हा त्यांचे दुष्परिणाम विशेष गंभीर ठरतात. या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी त्वचा, स्वरयंत्र, हृदय अशा अनेक अवयवांत असल्यामुळे हा परिणाम केवळ स्नायूंपुरता मर्यादित राहत नाही.

हृदय व रक्ताभिसरण

रक्तातील हितकारक कोलेस्टेरॉल (एचडीएल) घटते व अपायकारक कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढते. रक्तदाब वाढू शकतो. हृदयाच्या डाव्या निलयाची भिंत जाड होऊन त्याची कार्यक्षमता कमी होऊ शकते. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते. यांमुळे हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा धोका वाढतो.

यकृत

तोंडावाटे घेता यावीत म्हणून रासायनिक बदल केलेली संयुगे यकृतात सहज नष्ट होत नाहीत. त्यांमुळे कावीळ, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि गाठी होऊ शकतात.

प्रजननसंस्था

बाहेरून संप्रेरक मिळू लागताच पियुषिका ग्रंथी वृषणांना संदेश देणे कमी करते. परिणामी वृषण आकसतात व शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. सेवन थांबवल्यावर हे कार्य पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होत असल्याने पुरुषांमध्ये स्तनवृद्धी होते. ती अनेकदा शस्त्रक्रियेनेच दूर करावी लागते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी अनियमित होते व चेहऱ्यावर केस येतात. आवाजाला आलेला घोगरेपणा बहुधा कायम राहतो.

इतर परिणाम

मुरुमे व टक्कल हे सामान्यतः आढळणारे परिणाम आहेत. किशोरवयात हाडांची वाढ अकाली थांबून उंची कायमची खुंटू शकते. सामायिक सुयांमुळे एचआयव्ही तसेच ब व क प्रकारच्या कावीळीचा संसर्ग होऊ शकतो.

पूर्व जर्मनीतील प्रकरण

पूर्व जर्मनीने १९७४ मध्ये 'राज्य योजना १४.२५' या नावाने खेळाडूंना उत्तेजके देण्याची गुप्त व्यवस्था उभारली. अल्पवयीन मुलींसह अनेक खेळाडूंना ओरल-टुरिनाबोल या गोळ्या जीवनसत्त्वे असल्याचे सांगून दिल्या जात. पुढे त्यांपैकी अनेकांना यकृत व प्रजननसंस्थेचे विकार जडले. २००० साली बर्लिन येथील न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड व क्रीडावैद्यक मानफ्रेड ह्योप्नर यांना शारीरिक इजेस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवून स्थगित कारावासाची शिक्षा दिली.